आमच्या घरचा पसंतीक्रम

नाशिकमध्ये वैद्यकीय प्रवेशाचं सगळ्यात खात्रीचं मार्गदर्शन झेरॉक्सच्या दुकानात मिळतं. दर दोन रुपये पान. आमच्या ताईच्या कॉलनीतल्या दुकानदाराने आजवर इतक्या मुलांची डोमिसाइलं, नॉन-क्रीमीलेअरं आणि जातवैधता प्रमाणपत्रं काचेवर पालथी घातली आहेत, की गुणपत्रिका हातात पडताच तो भविष्य सांगतो. भाचीच्या नीटच्या गुणपत्रिकेवर त्याने नजर टाकली, ७२० पैकी किती ते पाहिलं आणि यंत्राचं झाकण लावता लावता म्हणाला, "डेंटल, सरकारी. बसेल. किती सेट काढू?"

दाजींना राग आला. एवढंच ऐकायला त्यांनी एका समुपदेशकाकडे घसघशीत फी भरली होती, आणि तो अजून लॅपटॉप उघडून गेल्या वर्षीचे कटऑफ बघत 'यंदा ट्रेंड वेगळा आहे' इतकंच म्हणत होता. दाजी वीजखात्यात आहेत. मीटर पाहिल्याशिवाय आकडा लिहायचा नाही, ही त्यांची शिस्त. झेरॉक्सवाल्याने मीटर न पाहता आकडा सांगितला आणि तो बरोबर निघाला, हे त्यांना अजून पचलेलं नाही.

आता एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण त्या दिवसांत ती कोणालाच पटत नव्हती. भाचीला डेंटलच हवं होतं. नववी-दहावीत तिच्या दातांना तारा लावल्या होत्या. बाकीची मुलं तारा लागल्या की हसणं बंद करतात. ही घरी येऊन डॉक्टरांनी तार कुठे वळवली, कुठे ताण दिला, ते पक्कड घेऊन दाखवायची. गणपती दरवर्षी स्वतः करते, शाडूचा, आणि सोंडेपेक्षा जास्त वेळ सुळ्यावर घालवते. दंतवैद्यकाच्या पहिल्या वर्षाला मेणाच्या ठोकळ्यातून दात कोरायला लावतात हे कळल्यावर तर तिचं ठरूनच गेलं. "मामा, म्हणजे हस्तकलेला मार्क आहेत!" असं ती मला म्हणाली.

पण समाचाराला येणाऱ्यांना हे कोण सांगणार? येईल तो दारातूनच 'थोडक्यात हुकलं हो' असा चेहरा करून यायचा. वरच्या मजल्यावरचे काका म्हणाले, एक वर्ष ड्रॉप घे, लातूरला जा. त्यांच्या सूनबाईंनी जॉर्जिया सुचवलं. जॉर्जिया नकाशात कुठे आहे ते त्यांना दाखवता आलं नाही, पण तिथली फी, मेसच्या खर्चासकट, तोंडपाठ होती. कोणी आयुर्वेद काढलं. एक काकू फारच पुढचं बघणाऱ्या. त्या म्हणाल्या, "डेंटलला घाला, चांगलं असतं. डेंटिस्टला डेंटिस्टच नवरा मिळतो. एक क्लिनिक, दोन खुर्च्या."

भाचीने विचारलं, "आणि आमचं पटलं नाही तर?"

काकू म्हणाल्या, "मध्ये पार्टिशन."

दाजींना वेगळीच धास्ती. गंगापूर रोडवरून स्कूटरने जाताना ते डेंटल क्लिनिकच्या पाट्या मोजायला लागले आणि सिग्नल हुकला. भारतात तीनशेच्या वर दंतमहाविद्यालयं आहेत, जगातल्या दुसऱ्या कुठल्याच देशात इतकी नाहीत, हे त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. "डॉक्टर वाढतायत आणि दात तेच बत्तीस," असं ते जेवताना म्हणायचे. त्यावर आजी, म्हणजे दाजींच्या आई, "बत्तीस कुठले? माझे नऊ राहिलेत," असं म्हणून बाजारपेठ आणखी लहान करायच्या.

मग आला पसंतीक्रमाचा फॉर्म. ज्यांच्या घरी तो कधी भरला गेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. सरकारी कॉलेजांतल्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरतात, उरलेल्या ८५ टक्के राज्याचा सीईटी कक्ष भरतो. म्हणजे दोन संकेतस्थळं, दोन वेळापत्रकं, दोन पासवर्ड. ताईने दोन्ही पासवर्ड कालनिर्णयवर लिहिले, एकादशीच्या चौकटीत, कारण त्या दिवशी घरात सगळेच कॅलेंडर बघतात. पुढची रीत सोपी आहे. तुमचा नंबर आला की संगणक तुमच्या यादीत वरून खाली येतो आणि पहिली जी जागा शिल्लक दिसेल ती तुम्हाला देतो. तेव्हा जे सगळ्यात हवं ते वर, जे सगळ्यात कमी हवं ते खाली लिहायचं, संपलं. शाळेतल्या मुलालाही कळेल. अडचण एवढीच की फॉर्म मोठी माणसं भरतात.

"पहिल्या नंबरला एकदम मोठं कॉलेज नको," दाजी म्हणाले. "संगणकाला वाटेल मुलगी आगाऊ आहे."

"बाबा, संगणकाला काही वाटत नाही."

"तुला काय माहीत? आमच्या बिलिंगच्या संगणकाला वाटतं."

त्यानंतर एक अख्खी संध्याकाळ त्यांनी सत्तर-तीसचं गणित मांडलं. आपल्या विभागातल्या मुलांना सत्तर टक्के, बाहेरच्यांना तीस, त्यात आपण उत्तर महाराष्ट्रातले, म्हणजे मुंबईत किती आणि मराठवाड्यात किती. कागदाच्या दोन्ही बाजू भरल्या. शेवटी भाची म्हणाली की ते सूत्र २०२० सालीच रद्द झालंय.

"मग इतका वेळ बोलली का नाहीस?"

"तुम्ही खूश दिसत होतात."

आमच्या यादीत वरच्या चार जागांसाठी चुरस होती. मुंबईचं शासकीय, मुंबईचंच महापालिकेचं नायर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर. दाजींनी एक्सेलमध्ये तक्ता केला. उभे रकाने असे: अंतर, गाडी, होस्टेल, मेस, हवामान, नातेवाईक, इतर. मी तक्ता दोनदा पाहिला. दात 'इतर'मध्ये होते.

मुंबईच्या शासकीय कॉलेजला गाडीच्या रकान्यात दहापैकी दहा. ते सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारात, म्हणजे सीएसएमटीच्या कुशीतच. पंचवटी एक्सप्रेस नाशिकरोडला पकडायची, शेवटच्या स्टेशनला उतरायचं आणि चालत कॉलेजात. दाजींच्या डोक्यात लगेच मासिक पास आला. पंचवटीने रोज मुंबईला नोकरीला जाणारे त्यांच्या ओळखीचे आहेत, गाडीतच त्यांचे वाढदिवस होतात. "होस्टेलचा खर्च वाचेल," ते म्हणाले. ताईने जाण्याचे तास आणि येण्याचे तास बोटांवर मोजले आणि विचारलं, "आणि अभ्यास?" दाजी म्हणाले, "इगतपुरीपर्यंत." ताई त्यांच्याकडे नुसती बघत राहिली. ते बघणं लग्नाला इतकी वर्षं झालेल्या माणसाला बरोबर कळतं.

नायरवर ताईचा जीव. १९३३ सालचं कॉलेज, मोठं नाव. पण काकांनी खोडा घातला. मुंबई सेंट्रल म्हणजे पश्चिम रेल्वे, म्हणजे दादरला गाडी बदलणं आलं, आणि दादरच्या पुलावर पावसाळ्यात मुलगी बॅगेसकट, छे. पाच वर्षांचं शिक्षण, त्यातली चार अभ्यासाची आणि एक इंटर्नशिपचं, आणि ते दादरच्या पुलाने ठरायचं. मी काही बोललो नाही. मामाने अशा वेळी चहा मागायचा असतो.

नागपूरला आत्या आहे. आत्याचा फोन स्पीकरवर आला. कॉलेज मेडिकलच्या आवारात, माझ्याकडून ऑटोने थोडंसं, सेवाग्रामने रात्रीत येता येतं, उन्हाळ्यात कूलर लावते, आणि आत्या इथे असताना पोरगी होस्टेलला राहणार, लोक काय म्हणतील? फोन चालू असतानाच भाचीने माऊसने नागपूर उचललं आणि चौथ्या नंबरवर नेऊन ठेवलं. नागपूरच्या कॉलेजचा यात काडीचाही दोष नाही.

संभाजीनगरबद्दल आजी बोलल्या. तिथलं दंतमहाविद्यालय घाटी रुग्णालयाच्या आवारात आहे, हे ऐकून त्या म्हणाल्या, "घाटीत माझ्या भावाचं ऑपरेशन झालं होतं." सगळे गंभीर झाले. "मग?" "मग काय, गेला तो." दाजी माऊसकडे हात नेणार इतक्यात त्यांनी वाक्य पुरं केलं. "पंधरा वर्षांनी. बैलगाडीवरून पडून." संभाजीनगर दुसऱ्या नंबरवर आलं.

याच सुमारास न्यू जर्सीहून दाजींच्या चुलतभावाचा व्हिडिओ कॉल. त्यांच्या लेकीलाही डेंटललाच जायचंय, आणि तिच्या हातात दोन कॉलेजांची पत्रं. तिकडे आधी चार वर्षांची पदवी करतात, मग मुलाखती, मग डिसेंबरात कॉलेजं आपण होऊन कळवतात की या, तुम्ही आम्हाला हव्या आहात. जागा धरून ठेवायला अनामत भरायची. आमच्याकडे पीडीएफ लागते आणि तिच्यात आपलं नाव शोधायला कंट्रोल-एफ दाबावं लागतं. 'तुम्ही आम्हाला हव्या आहात' असं मला आजवर फक्त क्रेडिट कार्डवाल्यांनी कळवलंय.

तिच्या दोन पत्रांतल्या एका कॉलेजची पदवी डीडीएस, दुसऱ्याची डीएमडी. घरात एकदम दोन तट. दाजी डीएमडीच्या बाजूने, कारण त्यात एमडी आहे. काका डीडीएसच्या बाजूने, कारण त्यात दोन डी लागोपाठ. मुलीने तिकडून सांगितलं की दोन्ही एकच, अभ्यास तोच, परवाना तोच. हार्वर्डने १८६७ साली दंतविद्यालय काढलं तेव्हा पदवी लॅटिनमध्ये द्यायची म्हणून वेगळी अक्षरं घेतली, आणि तेव्हापासून काही कॉलेजं हे देतात, काही ते. दाजींना हे कारण पटेना. इतक्या मोठ्या देशात उगाच दोन नावं कोण ठेवेल, आत काहीतरी असणारच.

मग फीचा विषय निघाला. तिथला दंतवैद्य कॉलेजातून बाहेर पडतो तेव्हा डोक्यावर सरासरी तीन लाख डॉलरच्या आसपास कर्ज असतं. दाजींनी मोबाइलवर गुणाकार केला, उत्तर पाहिलं, मोबाइल पालथा ठेवला. थोड्या वेळाने म्हणाले, "एवढ्यात आपल्या सबस्टेशनचं नूतनीकरण होतं." सॅन फ्रान्सिस्कोत एक कॉलेज चार वर्षांचा अभ्यास तीन वर्षांत उरकतं, हे ऐकून त्यांना पहिल्यांदा बरं वाटलं. सुट्ट्या देत नाहीत म्हणे. सुट्टी म्हणजे व्याज, हे त्यांना आवडलं.

आम्ही मोठे असे डॉलरला रुपयाने गुणत असताना कोपऱ्यात दोन मुली आपापल्या फोनवर एकमेकींशी बोलत होत्या. मी कान दिला. न्यू जर्सीवाली विचारत होती, तुमच्याकडे पेशंटला हात कितव्या वर्षी लावू देतात? आमची म्हणाली, तिसऱ्या. आणि पेशंट असतात का? आमची म्हणाली, "तेच बघायचंय." कितीतरी दिवसांत आमच्या घरात कॉलेजबद्दल विचारला गेलेला हा पहिला शहाणा प्रश्न, आणि तो न्यू जर्सीहून यावा लागला.

सरकारी नाही मिळालं तर असावं म्हणून खासगीही पाहायचं ठरलं. फी वर्षाला लाखांत, पण बघायला काय जातं. नाव सांगण्यात अर्थ नाही. हायवेला लागून कमान, कमानीतून आत गेल्यावर कारंजं, कारंज्यामागे संगमरवरी पायऱ्या. एक टाय लावलेला तरुण गृहस्थ आम्हाला फिरवत होता, आणि आम्ही लग्नाचा हॉल बुक करायला आल्यासारखे छताकडे बघत चाललो होतो. वायफाय आहे, जिम आहे, मुलींच्या होस्टेलला गीझर आहे. मेसमध्ये रविवारी गोड. दाजी प्रत्येक गोष्टीला तक्त्यात टिक करत होते.

प्रयोगशाळा खरोखर छान होती. ओळीने ठेवलेली रबरी डोकी, तोंडं उघडी, आत प्लास्टिकचे दात. दुसऱ्या वर्षाला त्यांच्यावर सराव करतात. आजी एका डोक्यासमोर उभ्या राहून बराच वेळ बघत होत्या. "हा बरा," त्या म्हणाल्या. "बोलत नाही."

मग ओपीडी. दालनात नव्याकोऱ्या खुर्च्यांची रांगच्या रांग, अर्ध्यांवरचं प्लास्टिक अजून निघालं नव्हतं. एकाच खुर्चीवर पेशंट. त्याच्याभोवती पांढऱ्या कोटातली सहा-सात मुलं टाचा उंचावून बघत होती. पेशंटने आम्हाला पाहिलं, तोंडातलं आरसा-बिरसा बाजूला करून उठला आणि कडक सलाम ठोकला. मगाशी गेटवर आमच्या गाडीचा नंबर लिहून घेणारा तोच.

टायवाल्याने खुलासा केला की आज बस आलेली नाही. आजूबाजूच्या गावांत कॉलेजची बस फिरते, पेशंट आणते, तपासून परत सोडते, सगळं फुकट. हे ऐकून दाजी छद्मी हसले, पण मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. यवतमाळ-चंद्रपूरकडे अशी गावं आहेत जिथे विहिरीच्या पाण्यातल्या फ्लोराइडने शाळकरी पोरांचे दात पिवळे-तपकिरी झालेत. घरोघरी मशेरी लावणाऱ्या बाया आहेत ज्यांनी जन्मात डेंटिस्ट पाहिला नाही. अशा ठिकाणी बस जाते, मग ती मुलांच्या सरावाला पेशंट मिळवायला का जाईना. दात दुखणाऱ्याला डॉक्टरच्या हेतूशी काय करायचंय!

बाहेर पडताना कॅन्टीनमध्ये सगळ्यांनी कोल्ड्रिंक घेतलं. दातांच्या कॉलेजात साखरेचं पाणी विकतात म्हणून ताई कुरकुरली. पण परंपराच तशी आहे. देशातलं पहिलं दंतमहाविद्यालय डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी १९२० साली कलकत्त्यात काढलं, आणि त्याचा खर्च भागवायला 'न्यू यॉर्क सोडा फाउंटन' नावाचं दुकान चालवलं. समोरच्या दारी सोडा पाजायचा, मागच्या दारी दाढ दुरुस्त करायची. इतका स्वावलंबी उद्योग मी तरी दुसरा ऐकलेला नाही.

ओळखीतल्या एका मुलाची इंटर्नशिप चालू होती. त्याला फोन लावला तर तो दाजींचा तक्ता ऐकून खोखो हसला. "काका, बिल्डिंग बघू नका. सोमवारी सकाळी ओपीडीला जाऊन रांग बघा." मग त्याने जे सांगितलं ते समुपदेशकाच्या लॅपटॉपमध्ये नव्हतं. तिसऱ्या-चौथ्या वर्षाला प्रत्येक मुलाला कोटा असतो. इतके दात काढायचे, इतकी सिमेंटं भरायची, इतक्या कवळ्या करायच्या, त्याशिवाय सही नाही. चौथ्या वर्षाला विषय आठ, आणि आठही विषयांना जिवंत तोंड लागतं. पेशंट असले तर ठीक. नसले तर मुलं शिकारीला निघतात. रिक्षावाल्याला 'दादा, दाढ दुखते का' विचारतात. लहान मुलांच्या दातांच्या विभागाला लहान मूल लागतं, तेव्हा ज्याचा धाकटा भाऊ सहा वर्षांचा आहे त्या मुलाशी सगळा वर्ग गोड बोलतो. त्याच्या एका मित्राने मेसच्या मावशींना कवळी करून दिली, आणि पुढे दोन वर्षं त्याच्या ताटात दोन पोळ्या जास्त पडायच्या. एका गावातल्या आजोबांकडे म्हणे चार कवळ्या जमल्यात, चार बॅचच्या चार मुलांनी केलेल्या. आजोबा वार पाहून लावतात.

"हात बसायला तोंडं लागतात, काका," तो म्हणाला. "वायफायने दाढ निघत नाही."

म्हणून एका सोमवारी आम्ही एका सरकारी कॉलेजच्या ओपीडीत जाऊन उभे राहिलो. चारांपैकी कोणतं ते सांगत नाही. पुढचं वाचून उद्या तिथे आज्यांची रांग लागायची. आजी बरोबर आल्या होत्या, कारण त्यांना घरी एकटं ठेवायचं नव्हतं. निदान आम्हाला तसं वाटत होतं.

रांग केसपेपरच्या खिडकीपासून निघून जिन्याखालून वळून दाराबाहेर गेली होती. गालाला उपरणं बांधलेले, पदर दाबून धरलेल्या, मांडीवर रडतं पोर घेतलेल्या. दाजी शंभरापर्यंत मोजून थांबले. इथे संगमरवर नव्हतं, कारंजं नव्हतं, पंखा होता आणि तो आपल्या मर्जीने फिरत होता. एक विशीतला मुलगा डॉक्टरसमोर बसून तोंड उघडायचा प्रयत्न करत होता, दोन बोटंसुद्धा आत जाईनात. गुटख्याने गाल आतून आवळून येतात, मग घास जात नाही, मग पुढचं. राज्यात गुटखाबंदी २०१२ पासून आहे. मुलगा विशीतला. डॉक्टर त्याला न रागावता, हळू आवाजात काहीतरी समजावत होती. भाची तिथून हलेना.

मागे वळून पाहिलं तर आजी जागेवर नाहीत.

त्या रांगेत होत्या. हातात केसपेपर. पुढच्या बाईशी एव्हाना नातं निघालं होतं, माहेरच्या गावावरून. दाजी धावले. "आई, आपण कॉलेज बघायला आलोय!" आजी म्हणाल्या, "तू बघ की. माझी दाढ चैत्रापासून हलतीय."

मग त्यांच्याबरोबर आम्हीही फिरलो. आधी तपासणी. आरसा, दिवा, प्रश्न. मशेरी लावता का? आजी म्हणाल्या, "सोडली." कधी? "आत्ता, तुम्ही विचारल्यावर." बीपी पाहिलं, साखर पाहिली, एक्स-रे काढला. कागदावर लिहिलं: ४६. दाजींनी मोठ्याने वाचलं.

"शेहेचाळीस?" आजी खुर्चीतून उठायला लागल्या. "अहो, देवाने बत्तीसच दिले होते. त्यातले नऊ राहिलेत. शेहेचाळीसावा कुठून काढता?"

शिकाऊ मुलीने न हसता समजावलं. तोंडाचे चार भाग करायचे, पहिला आकडा भागाचा, दुसरा दाताचा. म्हणजे चौथ्या भागातली सहावी, खालची उजवी दाढ. आजींनी मान डोलावली. त्यांचं शिक्षण चौथीपर्यंत, पण हिशेब त्यांना चोख कळतो. "म्हणजे गट नंबर आणि प्लॉट नंबर," त्या म्हणाल्या. मागे उभे असलेले सर पहिल्यांदा हसले.

दाढ त्या शेवटच्या वर्षाच्या मुलीने काढली. सर मागे हात बांधून उभे. भाचीला आजीचा हात धरायला उभं केलं होतं, पण ती हात धरून बघत मात्र होती त्या मुलीच्या मनगटाकडे. इंजेक्शन, थोडं थांबणं, ओठ जड झाला का आजी, मग चिमटा, ओढणं नाही, आधी हलकं आत-बाहेर हलवणं. आजीला कळायच्या आत दाढ ट्रेमध्ये. कापसाचा बोळा दाबून धरायला दिला. अर्धा तास बोलायचं नाही, थुंकायचं नाही, घरी गेल्यावर आइस्क्रीम खा. ही सूचना त्यांना मुलीने तीनदा सांगितली, कारण आजींनी बोलायला तीनदा तोंड उघडलं.

आमच्या घराण्याच्या इतिहासात आजी सलग अर्धा तास गप्प बसल्याची ही एकमेव नोंद. बाहेरच्या बाकावर त्या, त्यांच्या शेजारी दाजी तक्ता मांडीवर पसरून. होस्टेल जुनं, मेस बरी, नातेवाईक कोणी नाही. बेरीज मारली तर कॉलेज तिसरं येत होतं. आजींनी त्यांच्या खिशातलं पेन काढून घेतलं, तक्ता ओढला, त्या कॉलेजच्या नावापुढे ठळक १ काढला आणि त्याभोवती गोल केला. दाजी म्हणाले, "अगं आई, पण गाडी..." आजींनी बोळ्याकडे बोट दाखवलं. डॉक्टरांनी बोलायला बंदी केलेल्या माणसाशी वाद घालता येत नाही. फॉर्म तसाच गेला.

पहिल्या फेरीत खालचं एक मिळालं. तिथे प्रवेश घेऊन ठेवायचा आणि पुढच्या फेरीला उभं राहायचं. वरचं मिळालं की खालचं आपोआप सुटतं. दाजींना दोन्ही ठेवायची होती. "एक राखीव," ते म्हणत होते. ताईने मूळ कागदपत्रांची फाइल, डीडी आणि पासपोर्ट फोटोंचं पाकीट छातीशी धरून दोन शहरांच्या वाऱ्या केल्या. दुसऱ्या फेरीत आजीचं कॉलेज लागलं. काका पेढे घ्यायला आले आणि 'तरी लातूरला एक वर्ष...' म्हणाले, तेव्हा आजींनी त्यांना तोंड उघडायला लावून आत पाहिलं. काका परत लातूर बोलले नाहीत.

कॉलेज सुरू झाल्यावर भाचीचा पहिला फोन पैशांसाठी नव्हता. अभ्यासाला खरे दात लागतात, काढलेले, जितके मिळतील तितके. सीनियरांनी सांगितलंय आपापल्या गावच्या डेंटिस्टांकडून गोळा करा. दाजींनी रविवारी सकाळी झाकणाची बरणी घेतली आणि गंगापूर रोडला निघाले. ज्या पाट्यांना ते घाबरत होते त्या आता एकेक करून चढले. मी सोबतीला होतो. बहुतेक डॉक्टरांनी कॉलेजचं नाव ऐकताच खुर्ची दिली, चहा दिला, औषधाच्या पाण्यात ठेवलेले दात दिले आणि आपापल्या कोट्याच्या गोष्टी सांगितल्या. दाजी दर मजल्यावर थोडे उंच होत गेले.

शेवटच्या डॉक्टरांनी बरणीत दात टाकता टाकता बोलणाऱ्या दाजींच्या तोंडाकडे नीट पाहिलं. "जरा या बघू खुर्चीत," ते म्हणाले. दिवा लावला, आरसा फिरवला. "वरची डावी अक्कलदाढ पार गेलीय. आत्ताच काढून टाकू, दोन मिनिटांचं काम."

दाजी ताडकन उठून बसले आणि तोंड मिटलं.

"नाही डॉक्टर. ती पोरीच्या तिसऱ्या वर्षाला ठेवलीय. तोपर्यंत टिकेल असं काहीतरी द्या."